डेंटल कॉलेजची ओरल सर्जरी ओपीडी: आईचा जबडा निखळला तेव्हाचा अनुभव

रेटिंग ५ पैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

गेल्या पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आईने मोठी जांभई दिली आणि तोंड आ वासलेलं तसंच राहिलं, मिटेचना. बोलता येईना, लाळ गळायला लागली, हनुवटी पुढे आलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या दातखीळ बसली. अहो, दातखिळीत तोंड उघडत नाही, इथे तर उलटंच होतं, पण त्या घाबरगुंडीत कोणाला सुचतंय.

आधी जवळच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, नाव लिहीत नाही. तिथे पॅरालिसिस असेल म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन काढला, तो नॉर्मल आला, मग आता न्यूरोवाले डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हणे. चार तास आई पदराने लाळ पुसत बाकड्यावर बसून होती. त्या चार तासांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही, कारण जबडा जितका जास्त वेळ बाहेर राहतो तितके स्नायू आखडत जातात आणि बसवायला अवघड होतं, हे मला नंतर कळलं. शेवटी तिथल्याच एका सिस्टरने हळूच सांगितलं, डेंटल कॉलेजला न्या, ओरल सर्जरीला.

इथे केस पेपर काढून वर गेलो तर पीजी करणाऱ्या एका मॅडमनी बघताक्षणी ओळखलं. माझंच बोट धरून आईच्या कानापुढे ठेवलं, तिथे चक्क खळगा लागत होता. खालच्या जबड्याचं टोक तिथल्या वाटीत असतं, ते समोरचा उंचवटा ओलांडून पुढे गेलं की स्नायू आवळतात आणि परत येऊ देत नाहीत. आईचं दोन्ही बाजूंनी सटकलेलं, एकाच बाजूचं असतं तर हनुवटी दुसऱ्या बाजूला वाकडी दिसते. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही ना बघायला. फिट येतात का, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड घेतलं होतं का, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारलं, कारण अशा औषधांनी स्नायू ओढले जाऊनही जबडा निखळतो.

मग आईला बुटक्या स्टुलावर बसवलं, डोकं भिंतीला टेकवून. मॅडमनी दोन्ही अंगठ्यांना गॉज गुंडाळला (जबडा बसताना दात पटकन मिटतात, अंगठा चावला जातो), मागच्या दाढांवर ठेवला आणि आईशी गप्पा मारत मारत आधी खाली, मग मागे असा दाब दिला. पहिल्यांदा जमलं नाही. स्नायू सैल पडायचं इंजेक्शन देऊन थोडं थांबल्या, दुसऱ्यांदा खट्ट झालं आणि तोंड मिटलं. आईने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना.

हनुवटीखालून डोक्यावर पट्टी, तीन आठवडे मऊ खिमट, वरण-भात, तोंड मोठं उघडायचं नाही, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. एवढं पाळूनही दीड महिन्यात दोनदा परत सटकलं. तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टर सरांनी स्वतः वेळ देऊन समजावलं. एक उपाय म्हणजे हातातून स्वतःचंच थोडं रक्त काढून सांध्यात सोडायचं, त्याने आत थोडे चिकट धागे धरतात आणि सांध्याचा सैलपणा कमी होतो. बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन स्नायू ढिला करायचाही पर्याय आहे पण त्याचा असर काही महिन्यांनी उतरतो, आणि कशानेच थांबलं नाही तर ऑपरेशन करून तो पुढचा उंचवटा तासतात. मला आवडलं ते हे, की ऑपरेशनची घाई केली नाही. आईला रक्ताचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस गाल सुजला, दुखलं पण बरंच. आता आठ महिने झाले, एकदाही सटकलेलं नाही. काहींना ते परत घ्यावं लागतं हे सरांनी आधीच सांगून ठेवलंय.

आता अर्धा स्टार. लिफ्ट बंद होती, गुडघेदुखीवाल्या माणसाला तीन मजले चढवायचे म्हणजे फार हाल, आणि फॉलोअपला दर वेळी नवीन पीजी, पहिल्यापासून सगळं सांगा. फाइल सोबत ठेवा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद असतो, त्यामुळे सकाळी लवकर जा, पण जबडा अडकलाय असं सांगितलंत तर रांगेत थांबवत नाहीत, सरळ आत घेतात.