झोटेरो : मराठी प्रबंधाच्या संदर्भसूचीसाठी कितपत उपयोगी?

झोटेरो हे संदर्भ साठवून ठेवण्याचे आणि लेखनात हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या पद्धतीने उतरवण्याचे मोफत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग सेंटर फॉर हिस्टरी अँड न्यू मीडिया या केंद्राने ते २००६ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिले. ते इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये जन्माला आले असल्यामुळे दफ्तरखान्यातील कागदाचीही त्यात सोय आहे, आणि प्रयोगशाळांच्या गरजा समोर ठेवून बनवलेल्या साधनांमध्ये ही गोष्ट सहसा आढळत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी त्याचे भरपूर कौतुक केले आहे. कोल्हापुरात राहून मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्र या विषयांत मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्याला ते कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. हे परीक्षण २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीवर आधारलेले आहे.

इंग्रजी नियतकालिकांतील लेखांच्या बाबतीत फारसे सांगण्यासारखे काही नाही, कारण तेथे ते चोख काम करते. लेखाचा डीओआय क्रमांक (म्हणजे त्या लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) दिला की लेखक, शीर्षक, खंड, अंक, पृष्ठे असा सारा तपशील काही क्षणांत भरला जातो, आणि एखादा शोधनिबंध प्रकाशकाने पुढे मागे घेतला असेल तर अशा मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीच्या आधारे तशी ठळक सूचनाही दिसते. रसायनशास्त्राच्या किंवा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने म्हणूनच फार विचार न करता ते घ्यावे.

मराठी पुस्तकापाशी आल्यावर मात्र ही सगळी आपोआप होणारी कामे थांबतात. करवीर नगर वाचन मंदिर हे कोल्हापूरचे ग्रंथालय १८५० पासूनचे आहे. तेथील किंवा शिवाजी विद्यापीठातील बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रातील जुन्या कपाटांमधले पुस्तक हाती घेतले तर त्यावर आयएसबीएन हा पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असण्याची शक्यताच नसते, कारण ती पद्धत १९७० नंतरची आहे. नव्या पुस्तकावर क्रमांक असतो, पण तो टाकल्यावर पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि सापडलेच तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीने रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा-टिंबे दिलेले शीर्षक पुढे येते. इंटरनेट आर्काइव्हवरील जुन्या मराठी ग्रंथांच्या नोंदींचीही हीच तऱ्हा आहे; तेथे शीर्षके रोमन लिपीत आणि ज्याला जशी सुचली तशा स्पेलिंगमध्ये असतात. देवनागरीतल्या प्रबंधात अशी नोंद तशीच ठेवता येत नाही. तात्पर्य, मराठी ग्रंथाची नोंद पुस्तक समोर ठेवून हातानेच करावी लागते.

या हाताच्या कामाला मी उणेपणा मानत नाही. झोटेरोतील रकाने भरताना शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचे पान नीट वाचावे लागते, आणि संदर्भसूचीतील बहुतेक चुकांचे मूळ ते न वाचण्यातच असते. संपादकाचे नाव लेखकाच्या रकान्यात जाते, अनुवादकाचे नाव कोठेच येत नाही, आणि वितरकाला प्रकाशक ठरवले जाते. आवृत्तीचा घोळ तर आपल्याकडे जुनाच आहे : कित्येक मराठी प्रकाशक नुसत्या पुनर्मुद्रणालाही ‘तिसरी आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे मजकूर खरोखर बदलला आहे की तोच पुन्हा छापला आहे, हे प्रस्तावना पाहिल्याशिवाय समजत नाही. आपण ज्या प्रतीतून पृष्ठांक उतरवला, त्याच प्रतीचे वर्ष आणि आवृत्ती द्यावी, हा नियम पाळला तर वाचकाला ते पान सापडते. ग्रंथ प्रथम कधी आला हेही सांगायचे असेल, तर ‘एक्स्ट्रा’ नावाच्या रकान्यात ‘ओरिजिनल-डेट’ हे शब्द इंग्रजीत लिहून, अपूर्णविराम (:) देऊन पुढे ते वर्ष टाकावे. एपीए या, सामाजिक शास्त्रांत रूढ असलेल्या संदर्भपद्धतीत दोन्ही वर्षे तिरप्या रेघेने जोडून छापली जातात.

वर्षाबद्दल आणखी एक सांगायला हवे. तारखेच्या रकान्यात वर्ष इंग्रजी अंकांतच लिहावे. ते ओळखले गेले असेल तर रकान्याच्या उजवीकडे वर्ष, महिना आणि दिवस यांची फिकट आद्याक्षरे दिसतात; देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष त्याच्या लेखी नुसता मजकूर ठरतो. जुन्या पुस्तकांवर केवळ शके दिलेला असतो, तेव्हा त्यात सरसकट ७८ मिळवून मोकळे होण्याची सवय आहे. पण शके १८२४ हे वर्ष १९०२ च्या वसंतात सुरू होऊन १९०३ च्या वसंतापर्यंत चालते, म्हणून पुस्तकावर पौषाच्या पुढचा महिना असेल तर ७९ मिळवावे लागतात. मूळ शके ‘एक्स्ट्रा’मध्ये टिपून ठेवावा, म्हणजे तोंडी परीक्षेत कोणी विचारलेच तर पुस्तक शोधत बसावे लागत नाही.

नावांच्या बाबतीत या सॉफ्टवेअरची शिस्त कडक आहे आणि कोल्हापुरात ती विशेष जाणवते. येथील कोणत्याही विषयाच्या संदर्भसूचीत पाटील किती असतात, हे वेगळे सांगायला नको. एपीए पद्धतीत एकाच आडनावाचे दोन लेखक आले की मजकुरातील संदर्भातही त्यांची आद्याक्षरे द्यावी लागतात, आणि झोटेरो हे काम स्वतःहून करते. त्यात अडचण अशी की एकाच पाटील सरांचे नाव एका नोंदीत पूर्ण, दुसरीत आद्याक्षरांनी आणि तिसरीत आद्याक्षरांमधली जागा गाळून लिहिले असेल, तर ते त्यांना तीन निरनिराळ्या व्यक्ती समजते व कंसात नको तेथे नावे जोडू लागते. मजकुरात अशी अनपेक्षित नावे दिसू लागली, तर दोष शैलीत (म्हणजे संदर्भ छापण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या फाइलीत) न शोधता आपल्या नोंदींमध्ये शोधावा. टोपणनावाने लिहिणारे साहित्यिक, ‘गुरुजी’ किंवा ‘महाराज’ अशा नावांनीच ओळखले जाणारे ग्रंथकार आणि ‘महाराष्ट्र शासन’ यांसारख्या संस्था यांच्यासाठी नावाचे दोन रकाने एकत्र करण्याची सोय शेजारच्या छोट्या चिन्हात आहे. ती वापरली नाही तर सूचीत ‘शासन, महाराष्ट्र’ असे हास्यास्पद रूप छापले जाते, आणि तसे छापलेले प्रबंध ग्रंथालयात पाहायला मिळतातही.

या साधनाचा खरा कस लागतो तो दफ्तरातील कागदांवर. राजर्षी शाहू महाराजांची २६ जुलै १९०२ ची, मागासवर्गीयांसाठी रिक्त होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारी आज्ञा करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाली. कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासावरील क्वचितच एखादा प्रबंध असा असेल की ज्यात तिचा उल्लेख नाही. या आज्ञेखालच्या तळटीपा पाहाव्यात. बहुतेकांनी गॅझेटचा तो अंक प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. आज्ञेचा मजकूर एखाद्या चरित्रातून किंवा संपादित साधनग्रंथातून घेतलेला असतो, तरीही तळटीपेत थेट गॅझेटचे नाव येते. जे पाहिले त्याचाच संदर्भ द्यावा, ही संदर्भलेखनातील पहिली अट आहे. मूळ साधन दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतले असेल तर मजकुरात मूळ साधनाचा उल्लेख करून पुढे ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे म्हणावे आणि सूचीत तो हाती असलेला ग्रंथच द्यावा. झोटेरोत संदर्भ घालताना पृष्ठांकाच्या जोडीला मागे-पुढे शब्द जोडण्याची जागा असते, तेथे ‘मध्ये उद्धृत’ हे शब्द लिहिता येतात. विद्यार्थ्याने गॅझेट पाहिले की नाही, हे मात्र कोणतेच सॉफ्टवेअर ओळखू शकत नाही, आणि चांगल्या छापील रूपामुळे अशी तळटीप अधिकच विश्वासार्ह दिसू लागते, हा या सोयीचा एक दुष्परिणाम आहे.

कागद प्रत्यक्ष पाहिला असेल, उदाहरणार्थ कोल्हापूर पुरालेखागारातील एखादे मोडी पत्र, तर ‘मॅन्युस्क्रिप्ट’ हा प्रकार निवडावा. त्यात संग्रहाचे नाव आणि संग्रहातील ठिकाण यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. दफ्तर, रुमाल (कागदांचे गाठोडे), पत्राचा क्रमांक हा क्रम एकदा ठरवून सगळ्या नोंदींत तोच ठेवावा. मोडीचे लिप्यंतर दुसऱ्याकडून करून घेतले असेल तर त्याचे नावही नोंदीला जोडलेल्या टिपेत लिहावे, कारण वाचनात काही फरक निघाला तर उत्तर कोणाकडे मागायचे हे त्यावरून ठरते. पत्राचे छायाचित्र त्याच नोंदीखाली ठेवता येते, ही मला या सॉफ्टवेअरची सर्वांत उपयोगी सोय वाटते. परवानगी घेऊन काढलेली छायाचित्रे मोबाइलमध्ये तशीच पडून राहतात, आणि काही महिन्यांनी कोणते छायाचित्र कोणत्या रुमालातले हे सांगणारे कोणी उरत नाही.

मराठीतील तळटीपांची परिभाषा झोटेरोला ठाऊक नाही. शैलींच्या त्याच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली आहेत, परंतु आपल्या अभ्यासमंडळांना हवी असलेली ‘तत्रैव’, ‘उपरोक्त’, ‘संपा.’, ‘पृ.’ यांची शैली मला त्यांत आढळली नाही. एमएलए किंवा शिकागो या इंग्रजीतील रूढ शैली निवडल्या तर देवनागरी नावांच्या मधोमध रोमन लिपीत ‘एट अल.’ (आणि इतर) येते. यावर उपाय आहे : शैलीची फाइल साध्या मजकुराची असते, आणि तिच्यात या संज्ञांच्या जागी ‘आणि इतर’, ‘तत्रैव’, ‘संपा.’ असे शब्द लिहून ती नव्या नावाने साठवता येते. संगणकाची थोडी सवय असलेल्याला हे एका बैठकीत जमते. ज्याला ती सवय नाही त्याने विभागातील एखाद्या सहकाऱ्याची मदत घ्यावी आणि तयार झालेली फाइल सगळ्या विभागाने वापरावी. अकारविल्ह्यातही एक खोच आहे. ‘क्ष’ला येथे स्वतंत्र अक्षर न धरता ‘क’चे जोडाक्षर धरले जाते, त्यामुळे क्षीरसागर हे वर्णमालेप्रमाणे शेवटी न येता ‘क’च्या गटात बसतात. मार्गदर्शकांना हे चालणार नसेल तर शेवटच्या प्रतीत ती नोंद हाताने हलवावी लागेल. म्हणून दोनशे नोंदी भरण्याआधी पाच-सात नोंदींची चाचणी सूची छापून ती मार्गदर्शकांना दाखवून घ्यावी.

आता राजारामपुरी किंवा विद्यापीठ परिसरातील डी.टी.पी. केंद्रांकडे वळू, कारण आपले पुष्कळ प्रबंध अखेरीस तेथूनच बांधणीला जातात. झोटेरोचे संदर्भ वर्डच्या किंवा लिबरऑफिसच्या फाइलमध्ये ‘जिवंत’ असतात. एक तळटीप मध्ये घातली की पुढचे क्रमांक आणि शेवटची सूची स्वतःहून बदलते. हीच फाइल केंद्रात नेऊन युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रूपांतरित केली किंवा पेजमेकरमध्ये उतरवली, की हा धागा तुटतो. तळटीपा मुख्य मजकुरात मिसळतात, जोडाक्षरे फुटतात आणि नंतर एकही संदर्भ बदलायचा झाला तर सगळे हातानेच करावे लागते. त्यामुळे प्रबंध पहिल्यापासून युनिकोडमध्ये टंकलिखित करणे ही झोटेरो वापरण्याची अट समजावी. मांडणीसाठी फाइल बाहेर द्यायचीच असेल तर मूळ फाइल स्वतःजवळ ठेवून तिची एक प्रत करावी, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ची आज्ञा देऊन संदर्भांचा साधा मजकूर करून घ्यावा, आणि तीच प्रत केंद्राकडे द्यावी. केंद्रातील मंडळी अक्षरजुळणीत तरबेज असतात, पण या अदृश्य धाग्यांची त्यांना माहिती असेल असे गृहीत धरू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांमुळे साहित्यचौर्याच्या तपासणीची धास्ती सर्वांनाच आहे, आणि झोटेरो वापरले की टक्केवारी कमी होते असा एक समज विद्यार्थ्यांमध्ये ऐकू येतो. त्याला आधार नाही. संदर्भसूची आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणे त्या विनियमांप्रमाणे तपासणीतून वगळली जातात. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि साम्य साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. दुसऱ्याचा परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय जसाच्या तसा उतरवून खाली सुबक तळटीप दिली, तरी तो उतरवलेलाच राहतो.

खर्चाचे म्हणाल तर सॉफ्टवेअर मोफत आहे आणि नोंदी कितीही ठेवता येतात. जोडलेल्या फाइली झोटेरोच्या सर्व्हरवर ठेवायच्या असतील तर ३०० एमबीपर्यंत पैसे पडत नाहीत; २ जीबीसाठी वर्षाला २० डॉलर मोजावे लागतात. स्कॅन केलेले चार-पाच जाडजूड ग्रंथ घातले की ३०० एमबी संपतात, म्हणून फाइलींचे सिंक बंद ठेवून केवळ नोंदींचे चालू ठेवावे आणि फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर नियमाने घ्यावी. याच कामाच्या दुसऱ्या साधनांपैकी एंडनोट विकत घ्यावे लागते. मेंडेली मोफत आहे, पण ते २०१३ पासून एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचे आहे, आणि दफ्तरातील कागदांसाठी मला ते तोकडे वाटले. ज्यांचा प्रबंध सगळा इंग्रजी लेखांवर उभा आहे त्यांना तिन्हींपैकी कोणतेही चालेल. मराठी ग्रंथ, जुनी नियतकालिके आणि मोडी कागद यांवर काम करणाऱ्यांनी झोटेरो घ्यावे, आणि ते नोंदणी झाल्याच्या पहिल्याच सत्रात घ्यावे. प्रबंध लिहून झाल्यावर जुन्या तळटीपा त्यात भरत बसण्यापेक्षा वहीतली सूची नीट तपासणे अधिक लवकर होते.