इंग्लंड की स्कॉटलंड: पोरगं गुन्हा करतं तेव्हा

देश म्हणायला एकच, पण पोराने कुणाला मारलं किंवा चोरी केली तर पुढे काय होणार हे तो बॉर्डरच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं. इंग्लंडमध्ये 10 वर्षं पूर्ण झाली की पोलीस, चार्ज, यूथ कोर्ट. 1993 च्या जेम्स बल्गर या दोन वर्षांच्या मुलाच्या खुनात तर दोन पोरांवर मोठ्यांच्या कोर्टात खटला चालला, त्यांना दिसावं म्हणून आरोपींचा पिंजरा उंच करून घेतला, आणि 1999 ला युरोपियन मानवाधिकार कोर्टाने सांगितलं की हा खटला फेअर नव्हताच. तरी गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचं वय अजून 10 च, कमालच आहे!

स्कॉटलंडमध्ये 2021 पासून वय 12, आणि त्याआधीपासून म्हणजे 1971 पासूनच चिल्ड्रन्स हिअरिंग, म्हणजे कोर्टाऐवजी मुलांसाठीची सुनावणी. ट्रेनिंग घेतलेले तीन साधे व्हॉलंटियर, टेबलाभोवती पोरगं, आईबाप, सोशल वर्कर, आणि शिक्षेपेक्षा घरी काय चाललंय याचीच विचारपूस जास्त. गंभीर गुन्हा असेल तर तिथेही कोर्ट आहेच, अगदी मोकळं सोडत नाहीत. 2024 ला 18 खालच्यांना तुरुंगात ठेवणंही बंद केलं. मला विचाराल तर स्कॉटलंडच बरं, फक्त ज्याला मार बसला त्याचं ऐकून घेणं तिथे जरा कमी पडतं.