नव्या टाकीचे पैसे घेतले, जुनीच रंगवून बसवली

गाडी चौदा वर्षांची आहे, डिझेलवर चालते, माल वाहते. टाकी गळतेय हे मला आधी जमिनीवरच्या डागावरून कळलं. टाकीच्या बुडाशी ओलसर काळा थर साचला होता. पेट्रोल उडून जातं, डिझेल तसं पटकन उडत नाही. ते झिरपतं आणि धूळ धरून बसतं. टाकीला चेसिसशी बांधणारे जे लोखंडी पट्टे असतात, त्यांच्याखाली रबराची पट्टी असते. तिच्यात वर्षानुवर्षं पाणी आणि चिखल अडकून राहतो आणि पत्रा नेमका तिथेच सडतो. माझंही तेच झालं होतं.

गॅरेजवाला म्हणाला, वेल्डिंग मारून देतो. मी साफ नको म्हटलं. डिझेलची टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाफ पेट घेऊ शकते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी फुटायचा धोका जास्त, हे मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडून लहानपणापासून ऐकत आलो आहे. मग तो म्हणाला, ठीक आहे, नवीन टाकी टाकू. मी होकार दिला, आगाऊ पैसेही दिले. इथपर्यंत मला वाटत होतं की मी शहाणपणानं वागतोय.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. खालून बघितलं तर टाकी काळीकुळकुळीत, चकचकीत. जुनी कुठाय विचारलं, तर म्हणे भंगारात गेली. अर्ध्याहून जास्त डिझेल होतं, तेही जवळजवळ संपलेलं. "काढताना सांडतंच हो," असं उत्तर मिळालं. तिथेच मी थांबायला हवं होतं. बिलावर फक्त "टाकीचं काम, ओ-रिंगसह" एवढंच लिहिलं होतं (ओ-रिंग म्हणजे सांधा गळू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी), तेही मी वाचून खिशात घातलं.

पुढे चढावर गाडी दम टाकायला लागली. फिल्टर बदलला, पंधरा दिवसांत परत तोच त्रास. फिल्टर कापून बघितला तर आत तपकिरी गंजाचा गाळ. नव्या टाकीत गंज कुठून येणार? तरी मी त्याच गॅरेजवाल्याला फोन केला आणि त्यानं डिझेललाच दोष दिला.

मग एकदा लांबच्या फेरीसाठी टाकी काठोकाठ भरली आणि सकाळी पुन्हा डाग. अर्धी टाकी असताना गळत नव्हती, भरल्यावर गळाली. खाली जाऊन चिंधीनं पुसलं तर काळा थर पापुद्र्यासारखा निघाला, आणि त्याखाली ओळखीचा पोचा! कितीतरी वर्षांपूर्वी दगडावर आपटून पडलेला पोचा होता तो. मी तिथेच गाडीखाली पडून राहिलो. पैशांपेक्षा जास्त राग याचा आला की एवढे दिवस मी रस्त्यावर डिझेल सांडत फिरलो असेन. वळणावर सांडलेल्या डिझेलवरून दुचाकी कशी घसरते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या मेकॅनिकनं टाकी उतरवली तेव्हा सगळंच उघडं पडलं. पट्ट्याखालच्या भोकावर पुटी थापलेली, वरून रंग. आणि खरा पुरावा टाकीच्या माथ्यावर होता. डिझेलची पातळी दाखवणारा फ्लोट टाकीत बसतो, तो एका गोल रिंगनं आवळलेला असतो. टाकी बदलायची तर बहुतेक वेळा जुन्या टाकीतला फ्लोट काढून नवीत घालतात, म्हणजे ती रिंग उघडावीच लागते. माझ्या टाकीवर ती रिंग गंजून, मातीनं लिंपून जशीच्या तशी होती. त्या रिंगखाली बसणाऱ्या नवीन ओ-रिंगचे पैसे मात्र घेतले होते.

जाब विचारला, तर तो म्हणाला की नवीन टाकी असं कुठे लिहिलंय. बिलात खरंच नव्हतं. मजुरी तेवढी परत मिळाली, तीही चार फेऱ्या मारल्यावर.

तुमची टाकी बदलायची असेल तर गाडी देताना टाकीतलं डिझेल शक्य तितकं संपवून न्या. पन्नास लिटर डिझेलचं वजन चाळीस किलोच्या वर जातं, त्यामुळे उतरवणाऱ्यालाही ते सोयीचं, आणि "सांडलं" म्हणायला जागाही राहत नाही. गाडीखाली जाऊन जुन्या टाकीचे फोटो काढा, पोचे आणि ओरखडे दिसतील असे. नवी टाकी बसवण्याआधी बघा, रंग न लावलेली. जुनी परत हवी हे पैसे देण्याआधीच सांगा आणि बिलावर "नवीन इंधन टाकी" असे शब्द लिहून घ्या. बसवल्यावर गॅरेजच्या दारातच ती काठोकाठ भरून तासभर थांबा, कारण वरच्या शिवणीची किंवा भरायच्या नळीची गळती अर्ध्या टाकीवर दिसतच नाही. कधीकधी तर टाकी ठणठणीत असते आणि त्या नळीचं रबरच चिरलेलं असतं, तेव्हा टाकी बदलण्याआधी तेही तपासून घ्या.

या वेळी नवी टाकी मी स्वतः उभं राहून बसवून घेतली. जुनी घरी आणली आहे. कुणी बघायला आलं की आधी तो पोचा दाखवतो, मग ती न उघडलेली रिंग.