दारात सोनचाफा लावावा की बकुळ?

दारात एकाच झाडाला जागा आहे आणि फूल सुवासिकच हवं, असं असेल तर कोकणात बहुतेकांची गाडी या दोघांवर येऊन थांबते. देवाला दोन्ही चालतात, केसांतही दोन्ही माळतात.

लवकर फूल हवं असेल तर सोनचाफ्याला तोड नाही. कलम लावलं की वर्ष-दोन वर्षांत फुलतं. वेलणकर चाफा हा सोनचाफ्याचाच कलमी वाण, तो घरोघरी पोचला याच गुणामुळे. बकुळीला मात्र धीर लागतो. बियांवरचं रोप असेल तर फुलं दिसायला कितीतरी वर्षं जातात.

तरीही माझं मन चाफ्यावरून उतरलं, ते तोडणीमुळे. चाफा उमलण्याच्या बेतात असताना, पहाटेच काढावा लागतो. उशीर झाला की पाकळ्या सुटतात आणि दुपारपर्यंत तपकिरी पडतात. त्यात झाड उंच गेलं की आकडी घ्यायची, आणि फांदी इतकी ठिसूळ की जरा जोर लागला तर फुलाबरोबर डहाळीच हातात येते. छाटून बुटकं ठेवता येतं, पण ती छाटणीही दरवर्षी मागे लागते. चार दिवस गावाला गेलात तर तो बहर गेलाच.

बकुळीला हात लावावा लागत नाही. फुलं आपोआप गळतात, मधोमध भोक घेऊनच, त्यामुळे सुईशिवाय केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवता येतात. आमच्याकडे आजही ओवळांचे, म्हणजे बकुळफुलांचे, वळेसर (गजरे) असेच होतात. सुकलेला वळेसर कपड्यांच्या घडीत ठेवला तरी महिनोन्‌महिने वास देतो. चाफ्याचं फूल दुसऱ्या दिवशी टाकावंच लागतं. बकुळीच्या सालीच्या काढ्याने हिरड्यांसाठी गुळण्या करण्याची जुनी रीत आहे. तिची पिकलेली नारिंगी फळं पिठूळ, तुरट-गोड असतात. ती मुलं खातात, पाखरंही खातात.

घरात रोज पहाटे उठून फुलं काढणारं कोणी असेल, तर चाफा जरूर लावा. त्याच्या ताज्या वासाची सर बकुळीला नाही, हे मान्यच. पण तसं कोणी नसेल तर माझं मत बकुळीला. फक्त तिची सावली गर्द पडते, म्हणून भिंतीपासून लांब लावा आणि बुंध्याखालची जागा झाडून साफ ठेवा, म्हणजे फुलांना माती लागत नाही.