लोकर आणायला पुणं, मुंबई, की आपला कोल्हापूरचा महाद्वार रोडच बरा?

दिवाळी सरली की आमच्या विणणाऱ्या बायकांत हा विषय निघतोच. कुणाच्या तरी नातवाचं बारसं तोंडावर आलेलं असतं, आणि महाद्वार रोडवर तोच तो फिका गुलाबी नि तोच आकाशी. मग एक म्हणते, "शनिवारी पुण्याला जाऊन येऊया की." दुसरी म्हणते, "जायचंच तर मुंबईला जाऊ, एकदाच काय ते." दोन्हीकडून मी पिशव्या भरून आणल्यात आणि एकदा चांगली फसलेही आहे.

पुणं सुमारे २३० किलोमीटर. पहाटेची एसटी धरली आणि हायवेवर कुठं खोळंबा झाला नाही, तर दुकानं उघडायच्या सुमाराला स्वारगेट. तिथून मेट्रोचं पुढचंच स्टेशन मंडई, २०२४ मध्ये सुरू झालेलं. वर आलं की तुळशीबाग चालत. मुंबई पावणेचारशेच्या पुढं, पण शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपलं की सकाळी सीएसएमटी, आणि शनिवारी रात्री त्याच गाडीनं परत. लॉजचा खर्च नाही. अडचण एवढीच की गाडी सकाळी लवकर पोचते आणि दुकानं उघडायला साडेदहा-अकरा होतात. मधला वेळ चहा पीत काढायचा.

वाराचं मात्र आधी बघा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट आणि आजूबाजूच्या बऱ्याचशा होलसेल गल्ल्या रविवारी बंद. म्हणजे मुंबई करायची तर शनिवारच. तुळशीबाग रविवारी चालू असते, पण त्या गर्दीत दोन शेड उजेडात धरून बघायला कोपरभर जागा मिळाली तर नशीब.

गंमत म्हणजे दोन्ही शहरांत तुम्ही महात्मा फुले मंडईपाशीच पोचता. पुण्याच्या मंडईचं नाव तेच आणि क्रॉफर्ड मार्केटचंही अधिकृत नाव तेच. जावेला फोनवर "मी फुले मंडईपाशी आहे" म्हटलं तर तिनं विचारलं, "कुठल्या गावच्या?"

माल कुठं काय मिळतो? पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेकडच्या दुकानांत लोकरीचा एक गुंडासुद्धा सुटा देतात, क्रोशाची सुई हातात घेऊन बघू देतात. कॉटन, जाड-बारीक लोकर, अँकर कंपनीचा दोरा, सगळं थोडं थोडं. मुंबईत रंग जास्त आणि घाऊक घेतलं तर भाव उतरतो, पण काही दुकानदार पाकीट फोडतच नाहीत. तोरणाला मणी, लेस, लटकन लागणार असतील तर मात्र मुंबईला तोड नाही, हे पुण्याची बाजू घेणारी मीही कबूल करते. दोन्हीकडे "लोकर" म्हणून मिळते त्यातली बरीचशी अॅक्रिलिक असते. खात्री हवी असेल तर बोटभर धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अॅक्रिलिकची कडक गोळी होते.

आता माझी फसगत. नवऱ्याच्या राखाडी स्वेटरसाठी पुण्यातल्या एका दुकानातून शंभर ग्रॅमचे पाच गुंडे आणले. "ताई, पाचात आरामात होतो," दुकानदार म्हणाला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी बाही मनगटापासून कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. पुतण्या पुण्यात शिकायला, त्याच्याकडून सहावा गुंडा मागवला. शेड नंबर तोच. रात्री ट्यूबलाइटखाली काही कळलं नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो तर उन्हात कोपराच्या वर हिरवट झाक! दर वेळी रंगवताना रंग किंचित वेगळा उतरतो, म्हणून शेड नंबरशिवाय लॉट नंबरही लेबलवर असतो. तो मी बघितलाच नव्हता.

तेव्हापासून मी शहर ठरवताना एकच प्रश्न विचारते: लोकर कमी पडली तर पुन्हा जाणं परवडेल का? बाळाचा कुंची-मोजे-स्वेटरचा सेट दोनशे ग्रॅमच्या आत होतो. एक गुंडा जास्त घेतला की मिटलं, तिथं पुणं उत्तम. मोठ्यांच्या स्वेटरला अर्धा किलो, कधी त्याहून जास्त. त्याला मी महाद्वार रोडच धरते. शेड कमी असतील, पण ओळखीचा दुकानदार त्याच लॉटचे दोन गुंडे महिनाभर बाजूला ठेवतो, आणि उरला तर बिनबोभाट परतही घेतो. डबलबेडची चादर किंवा रग असेल, सगळा माल एकदम एका लॉटचा उचलायचा असेल, तरच मुंबईचा खटाटोप. दोन लॉट आलेच तर दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, नाहीतर वेगळा गुंडा बॉर्डरला आणि कॉलरला घाला.

"इचलकरंजी तीस किलोमीटरवर, तिथं सुताचा काय तोटा?" असं दर वेळी कुणीतरी म्हणतंच. ते सूत यंत्रमागाचं, कोनवर गुंडाळलेलं आणि फार बारीक. चार-पाच पदर एकत्र घेतल्याशिवाय क्रोशाला चालत नाही. शिवाय तिथं काउंटचा हिशेब: आकडा मोठा तितकं सूत बारीक. अँकरच्या दोऱ्याचंही तसंच, जुन्या नंबरांच्या सुयांचंही तसंच. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर त्याहून बारीक. नव्या सुयांवर मात्र मिलिमीटर असतात, तिथं सगळं उलटं. दुकानात नुसतं "दहा नंबर द्या" म्हणू नका, जुनी सुईच पर्समध्ये टाकून न्या.

माझं या वेळचं ठरलंय. बारशाचं कॉटन आणायला शनिवारी पुणं. जावेला मोठा रग करायचाय, ती मुंबईचं तिकीट काढतेय. मी तिला आधी एक चौकोन विणून, तो वजन करून ग्रॅमचा हिशेब कागदावर लिहायला लावलाय.