जिम्नी देऊन प्राडो घेतली

तीन दारांची जुनी सुझुकी जिम्नी एक्सचेंजमध्ये दिली आणि सात सीटची वापरलेली टोयोटा प्राडो (१५० सीरिज) घेतली. आई-बाबा आणि दोन मुलं एकाच गाडीत बसायला हवी होती, त्यामुळे निर्णय पक्का होता.

सगळ्यात मोठा फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा. जिम्नीचा २२५० मिमी, प्राडोचा २७९०. खडबडीत रस्त्यावर पुढची चाकं खड्ड्यातून वर येऊन गाडी सावरते, मग मागची उतरतात. आई मधल्या सीटवर चक्क झोपली. दुसरं सुख म्हणजे कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना सतत ताकद. जिम्नीत सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नव्हता, म्हणून कोरडा डांबरी रस्ता लागला की टू व्हीलवर यावंच लागायचं, नाहीतर वळताना गाडी अडखळायची. आता अर्धा चिखल, अर्धं डांबर असलं तरी काही बदलावं लागत नाही. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) दोन्हींत आहे, आणि चढावर तीच खरी कामाची.

गमावलं तेही कमी नाही. अरुंद पायवाटेवर जिम्नी जिथे एका दमात वळायची, तिथे प्राडो मागेपुढे करावी लागते. लांबीमुळे उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकायची धास्तीही असते.

एक्सचेंजवाल्याने टॉर्च घेऊन चेसिसचा (गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) गंज तपासला, सर्व्हिसची बिलं मात्र पाहिलीच नाहीत. मी ती पुढ्यात ठेवली तेव्हा भाव वाढला. चेसिस आधी धुऊन, बिलांची फाइल घेऊनच जा.