ऑक्झॅलिक पावडर : गंजलेल्या सायकलला आंघोळ घालण्याआधी

पुण्याच्या जुन्या बाजारातून बुधवारी किंवा रविवारी उचललेली अ‍ॅटलस, हर्क्युलिस किंवा सेन-रॅले घरी आली की पहिला सल्ला ठरलेला असतो : सँडपेपर मारा आणि वर काळा ऑइलपेंट फासा. या सल्ल्यापायी मूळ रंग, सोनेरी लायनिंग (बारीक रेघा) आणि नळीवरचं कंपनीचं नाव कायमचं गमावलेल्या सायकली पुण्यात पैशाला पासरी सापडतील. रंग राखून फक्त गंज काढायचा असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पांढरी पावडर हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय आहे. लाकूड पॉलिशवाले आणि संगमरवर घासणारे ती नेहमी वापरतात, त्यामुळे रसायनं सुटी विकणाऱ्या दुकानांत किलोवर मिळते. पाचपैकी चार गुण. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. मूळ रंग उरलाच नसेल किंवा नवीन रंग द्यायचाच असेल, तर या पावडरच्या नादी लागू नका. भोसरी-चिंचवडकडे ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करून पावडर कोटिंग करून देणारे आहेत, ते काम तिथे जास्त चांगलं आणि लवकर होतं.

पावडर घेताना पाहायचं एवढंच की खडे साखरेसारखे कोरडे आणि पांढरेशुभ्र हवेत. टाकाऊ बाटलीत आर.ओ.चं पाणी घेऊन त्यात चमचाभर टाकून हलवा. पाणी नितळ झालं तर माल ठीक. तळाला न विरघळणारा चुरा राहिला तर दुसरं दुकान बघा. ही चाचणी नळाच्या पाण्यात करू नका, कारण पाणी जड असेल तर माल चांगला असूनही ते गढूळ होतं. पाण्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलिकला धरून पांढरा साका बनवतं, म्हणजे गंजावर लागू पडायच्या आधीच काही पावडर फुकट जाते आणि तो साका रंगावर पिठासारखा बसतो. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठांमध्ये हा त्रास फारसा नाही. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये मात्र भरपूर आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर चढत असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी किंवा महापालिकेचं पाणी कुठून तरी आणा.

फ्रेम पूर्ण मोकळी करावी लागते. चाकं, चिमटा (पुढचा फोर्क), सीट, चेनकव्हर, स्टँड सगळं बाहेर. कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पेडलची दांडी, आसावर अडकवणारी पाचर) काढताना नट पिनच्या टोकाशी बरोबर आणून ठेवा आणि क्रँकखाली पाइपचा भक्कम आधार देऊन एकच जोरदार घाव घाला. दहा हलके घाव घातले की पिन वाकते आणि मग ड्रिल करण्यावाचून गत्यंतर नसतं. बी.बी.ची, म्हणजे क्रँकचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटची, चेनकडची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली तर सुटते. हे माहीत नसल्यामुळे पाना लावून ती आणखी आवळली जाते. सीटचा दांडा अडकलेला असेल तर तो आधी भेदक तेल घालून, दोन-तीन दिवस वाट पाहून सोडवा. अ‍ॅसिडच्या टाकीत तो सुटेल ही आशा व्यर्थ आहे.

टाकीत काय जाऊ नये हेही महत्त्वाचं. अ‍ॅल्युमिनियमचं काहीही नको. जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट आणि तारा नकोत, कारण कोणतंही अ‍ॅसिड गंजाच्या आधी जस्तच खातं. पितळी हेड बॅज (हँडलखालच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला) काढून ठेवा, नाहीतर पितळेतलं जस्त सुटून तो गुलाबीसर होतो. क्रोमच्या रिम, हँडल आणि क्रँक मात्र खुशाल बुडवा. ऑक्झॅलिक क्रोमला हात लावत नाही, त्याच्या बारीक छिद्रांतून वर आलेला गंज तेवढा काढतं. क्रोम जिथे उडालेलंच आहे तिथे खालचं पोलाद दिसणार, त्यात पावडरचा दोष नाही.

रंगाची चाचणी न करता फ्रेम बुडवणं म्हणजे जुगार. दोन टक्के द्रावणात भिजवलेला कापूस मागच्या त्रिकोणात आतल्या बाजूला तासभर चिकटवून ठेवा. काळा आणि हिरवा इनॅमल सहसा टिकतो. काही जुन्या निळ्या रंगांत अल्ट्रामरीन असतं, आणि ते अ‍ॅसिडने फिकं पडतं. सोनेरी लायनिंग पितळेच्या भुकटीची असेल आणि वरचं वार्निश झिजलेलं असेल तर ती मंदावते.

आता टाकी. २४ इंची रोडस्टर (जुन्या धाटणीची नेहमीची सायकल) फ्रेम आडवी मावायला साधारण ११० बाय ७० सेंटीमीटर जागा आणि १५ सेंटीमीटर खोली लागते. विटांची चौकट मांडून त्यात जाड प्लास्टिकची ताडपत्री दुहेरी अंथरली की काम भागतं. सरळ हिशेबाने यात ११५ लिटर पाणी लागतं, पण वाळू भरलेल्या बाटल्या कोपऱ्यांत आणि फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात ठेवल्या की ८० लिटरमध्ये फ्रेम बुडते. गच्चीवर किंवा अंगणात शहाबादी फरशी असेल तर खाली आणखी एक कागद टाका. शहाबादी म्हणजे चुनखडकच, त्यामुळे गळती झाली तर डाग राहतात आणि मग सोसायटीच्या बैठकीत तुमच्या नावाने एक वेगळा विषय निघतो.

प्रमाण लिटरला २० ग्रॅम, म्हणजे ८० लिटरला १,६०० ग्रॅम. पावडर बादलीभर कोमट पाण्यात विरघळवून मग टाकीत ओता. रबरी हातमोजे, चष्मा आणि पावडर ओतताना नाकावर मास्क हवाच. लिटरला ५० ग्रॅम टाकलं तर काम दुप्पट वेगाने होईल हा समज चुकीचा आहे. गंज निघायचा वेग प्रमाणापेक्षा उष्णतेवर जास्त अवलंबून असतो. डिसेंबरच्या पहाटे टाकी जवळजवळ झोपलेली असते, एप्रिलमध्ये तेच काम निम्म्या वेळात होतं.

मग एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवावी का? नाही, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. गंजातलं लोह ऑक्झॅलिकशी मिळून जे हिरवट द्रावण तयार करतं ते प्रकाशाला अतिशय हळवं असतं. ऊन लागलं की त्याचं विघटन होतं, बुडबुडे येतात आणि न विरघळणारा पिवळा फेरस ऑक्झॅलेट फ्रेमवर हळदीसारखा बसतो. मग दोष पावडरला दिला जातो. फ्रेम टाकीत फार वेळ ठेवली तरी उघड्या पोलादावर हाच पिवळा थर येतो, पण ऊन हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. टाकी सावलीत ठेवा आणि वरून गडद ताडपत्री टाका. थर बसलाच तर साबण आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा, लगेच घासला तर तो निघतो.

बुडवण्याआधी चिकटा जायला हवा. बी.बी.च्या आसपास ग्रीस, धूळ आणि चेनचं तेल यांचा अनेक वर्षांचा लेप असतो, आणि पाण्यातलं अ‍ॅसिड त्याच्या आत शिरत नाही. रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर डिझेल, त्यानंतर धुण्याची पावडर आणि गरम पाणी. गंजाचे जाड पोपडे पितळी तारेच्या ब्रशने आधीच उडवा. बी.बी.ची नळी आणि सीटचा लग (नळ्या जोडणारा सांधा) स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही, आणि गेलेलं लोखंड कोणतंही अ‍ॅसिड परत आणत नाही.

फ्रेम उतरवताना एक टोक आधी बुडवून हळूहळू तिरकी करा, म्हणजे नळ्यांतली हवा निघून जाईल. हवेचा फुगा राहिला तर आतला तेवढा भाग गंजलेलाच राहतो. फ्रेमचा कोणताही भाग पाण्याबाहेर नको, पाण्याच्या रेषेवर नवाच गंज धरतो. सहा तासांनी पहिल्यांदा पाहा, मऊ ब्रश फिरवा, फ्रेम उलटी करा. हलका गंज बारा तासांत जातो. चोवीस तासांनंतर उरलेलं हाताने घासायचं, टाकीत ठेवायचं नाही.

बाहेर काढल्यावर घाई हवी. भरपूर पाणी, मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून ते नळ्यांच्या आतूनही ओता, पुन्हा साधं पाणी. कापडाने पुसून लगेच ब्लोअर किंवा ऊन. आता ऊन चालतं. जुलैच्या दमट हवेत उघड्या पोलादावर तासाभरात केशरी झाक येते, म्हणून हे काम पावसाळा संपल्यावरच काढावं. नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फिरवा आणि फ्रेम दोन दिवस उलटसुलट टांगून ठेवा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. रंगावर गाडीचं मेणाचं पॉलिश पुरतं.

लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, याच्याशी तुलना होणारच. ते लिटरला ५० ग्रॅम लागतं, गंज चांगला काढतं, पण रंगाच्या कडांखाली शिरून पापुद्रे उचलतं आणि उघडं पोलाद काळपट करतं. सुट्या भागांना, किंवा घरात लहान मुलं असतील तर मात्र तेच घ्या. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर सायकलजवळही नको. ते हायड्रोक्लोरिक असतं, क्रोम खातं, आणि त्याचं क्लोराइड लगच्या सांध्यांत राहून महिन्याभरात आतून नवा गंज काढतं.

कापलेला गुण विषारीपणाचा. ही पावडर दिसायला साखर किंवा लिंबूसत्वासारखी असते आणि पोटात थोडे ग्रॅम गेले तरी मूत्रपिंडं आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरायचं नाही, डब्यावर ठळक नाव लिहायचं आणि डबा कुलपात ठेवायचा.

एका फ्रेमनंतर त्याच पाण्यात चिमटा आणि मडगार्ड निघतात. पाणी गडद हिरवं झालं की त्यातला दम संपला. ते झाडांना किंवा गटारात ओतू नका. १,६०० ग्रॅम पावडरला साधारण एक किलो विझवलेला चुना लागतो. कळीचा चुना नको, तो पाण्यात उसळतो. चुना थोडा थोडा टाकत ढवळा, रात्रभर स्थिर ठेवा. तळाला बसलेला गाळ वाळवून पिशवीत बांधा आणि जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे यांच्यासोबत घातक कचरा म्हणून वेगळा द्या.